आधी मागचा ब्रेक, मग पुढचं चाक

या महिन्यात व्हीलीवरचे, म्हणजे पुढचं चाक उचलून मागच्या चाकावर बाईक चालवण्यावरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. सगळी उत्तरं बंद, खासगी आणि मालकाच्या परवानगीच्या जागेत करायच्या सरावाबद्दल आहेत. सार्वजनिक रस्त्याचं उत्तर वेगळं आहे आणि तेही खाली दिलं आहे.

प्रश्न : ड्यूक ३९० घेतली आहे. व्हीली शिकायची आहे, पण मित्र म्हणतात आधी दीडशे-दोनशे सीसीची जुनी गाडी घे. हाताशी ताकद आहे तर मोठ्या गाडीवर शिकणं सोपं नाही का? (पुणे)

चाक उचलणं सोपं आहे, शिकणं नाही. हा फरक थोड्या हिशेबाने दिसतो.

गाडी आणि चालक मिळून २२० किलो धरा. दोघांचा मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंमी उंच आणि मागच्या टायरच्या टेकणीपासून ६८ सेंमी पुढे आहे असं समजा. पुढचं चाक जमिनीवरून सुटायला मागच्या चाकावर साधारण ६८० न्यूटन-मीटर टॉर्क (चाक फिरवणारा जोर) लागतो. दोनशे सीसीच्या गाडीचं इंजिन १७ न्यूटन-मीटर देतं. पहिल्या गिअरला इंजिनपासून चाकापर्यंतचा एकूण रेशो २७ च्या आसपास धरला, तर चाकावर पोचतात ४६० च्या जवळपास. म्हणजे नुसती मूठ (अ‍ॅक्सिलरेटर) पिळून चाक उठत नाही. उरलेला झटका क्लचमधून आणावा लागतो : आधी इंजिन फिरतं ठेवायचं आणि फिरत्या क्रँक-मॅग्नेटची साठलेली ऊर्जा एकदम चाकाला द्यायची. तुमच्या ३९० चं इंजिन ३७ न्यूटन-मीटर देतं आणि पहिल्या गिअरला चाकावर साडेसातशेच्या पुढे जातं. तिथे मूठ पिळली की चाक उठलंच.

खरा धोका पुढे आहे. चाक जसजसं वर जातं तसतसा गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि ते आणखी वर न्यायला कमी ताकद लागते. मूठ तशीच धरून ठेवली तर गाडी वर जायचा वेग वाढवत जाते. वरच्या हिशेबातल्या गाडीचा समतोलाचा कोन ६० अंशांच्या थोडा पुढे येतो, म्हणजे पुढचं चाक एक मीटरहून जास्त वर. मोठ्या गाडीवर नवख्याला तिथवर जायला इतका कमी वेळ लागतो की पाय ब्रेकवर पोचायच्या आत गाडी उलटते. लहान गाडी सुरुवातीच्या पंधरा-वीस सेंमीत तुम्हाला वेळ देते, आणि शिकायचं असतं ते याच पंधरा-वीस सेंमीत.

लहान गाडी उलटत नाही, असा मात्र समज करून घेऊ नका. त्याच हिशेबात चौदा अंशांच्या आसपास, म्हणजे चाक फूटभर वर गेलं की त्या ४६० न्यूटन-मीटरवरसुद्धा इंजिन स्वतःच्या जोरावर गाडी वर नेऊ लागतं. तिथून पुढे लहान-मोठ्यात फरक वेगाचा, परिणामाचा नाही.

प्रश्न : सरावासाठी जुनी गाडी बघतो आहे. बजेट कमी. कोणती घ्यावी? (नाशिक)

नावापेक्षा आधी मागच्या ब्रेकची रचना बघा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) किंवा सीबीएस (दोन्ही ब्रेक जोडणारी यंत्रणा), आणि त्यापुढच्यांना एबीएस सक्तीचं झालं. व्हीलीसाठी यातल्या दोन गोष्टी अडचणीच्या आहेत.

पहिली सीबीएस. यात मागचा पेडल दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. चाक हवेत असताना तुम्ही पेडल दाबता, पुढचं चाक हवेतच थांबतं, आणि पेडल दाबलेलाच असताना ते जमिनीवर टेकलं की लॉक झालेल्या चाकावर गाडी उतरते. शंभर-सव्वाशे सीसीच्या नव्या गाड्या स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका. दुसरी गोष्ट दोन्ही चाकांचं एबीएस. पुढचं चाक मंद होत चाललंय आणि मागचं जोरात फिरतंय, असे उलटसुलट आकडे त्या यंत्रणेला मिळतात. नेमक्या गरजेच्या क्षणी मागचा ब्रेक तुमच्या पायाचंच ऐकेल याची खात्री उरत नाही. फक्त पुढच्या चाकाला एबीएस असलेली सिंगल चॅनलची गाडी चालते.

हे धरून : हीरोची एक्सपल्स २०० चांगली. सिंगल चॅनल, वजन दीडशेच्या थोडं वर, हँडल रुंद, आणि पडली तरी फुटण्यासारखं कमी. जुनी, बिनएबीएसची अपाची आरटीआर १६० सुद्धा चालेल. तिचा व्हीलबेस सुमारे १३०० मिमी, म्हणजे आखूड, त्यामुळे पुढचं चाक लवकर हलकं होतं. बिनएबीएसची पल्सर घेतलीत तर पुढचा शॉकअप आणि कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं) नीट तपासून घ्या. स्कूटर नको. तिला तुमच्या हातात येणारा क्लचच नसतो, मग शिकणार काय?

कागदपत्रं नसलेली गाडी मात्र कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. सरावाच्या जागेपर्यंत ती कुठल्या तरी रस्त्यानेच जाणार आहे.

प्रश्न : घरात वडिलांची आरएक्स १०० आहे. हलकी आहे, पिकअपही जबरदस्त. तिच्यावर शिकलो तर? (कोल्हापूर)

कोल्हापुरातून हा प्रश्न येणारच होता. गाडी १०३ किलोची, ताकद ११ पीएस, वजन-ताकदीचं गणित उत्तम आणि चाक उठतंही सहज. तरी शिकण्यासाठी ती नको. कारणं दोन.

टू-स्ट्रोक इंजिनची ताकद सरळ चढत नाही. खालच्या आरपीएमला इंजिन सुस्त असतं, आणि ठरावीक आरपीएमच्या पुढे एकदम खेचतं. नवख्याचं चाक नेमकं त्या खेचीच्या वेळी वर जातं आणि किती उठेल याचा अंदाज बसत नाही. दुसरं म्हणजे टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग जवळजवळ नसतं. फोर-स्ट्रोकवर मूठ सोडली की पुढचं चाक आपसूक खाली यायला लागतं. इथे ते रेंगाळतं आणि सगळा भार मागच्या ड्रम ब्रेकवर येतो. तो ड्रम अनेक वर्षांचा, लायनर झिजलेला. ज्याचा पाय अजून तयार नाही त्याने यावर अवलंबून राहू नये.

शिवाय ही गाडी १९९६ नंतर बनलेली नाही. मूळ पार्ट मिळवायला लोक गावोगाव फिरतात. वडिलांच्या गाडीची टाकी सरावात चेपली तर घरी काय उत्तर द्याल, हेही ठरवून ठेवा.

प्रश्न : सरावाआधी गाडीत काय बघायचं? आणि अंगावर काय घालायचं? (सातारा)

गाडीत पहिल्यांदा मागचा ब्रेक. डिस्क असेल तर पॅड आणि ऑइल, ड्रम असेल तर लायनर. पेडलची उंची अशी लावा की पायाचा कमानीचा भाग फुटरेस्टवर टेकलेला असताना बोटं पेडलवर नुसती ठेवलेली राहतील. पाय उचलून पेडल शोधावा लागत असेल तर सेटिंग चुकलं. गाडीबरोबर आलेलं सेटिंग बहुधा बसून चालवण्यासाठी असतं, ते आहे तसंच चालेल असं धरू नका.

मग क्लच. लीव्हरच्या टोकाशी १० ते १५ मिमी मोकळीक ठेवा. वायर नवी घाला, जुनी वायर ऐन वेळी तुटली तर गाडी थांबवायचा एक रस्ता जातो. क्लच नेमका कुठे पकडतो ते बोटांना अंधारात कळलं पाहिजे. चेनची ढील मॅन्युअलप्रमाणे ठेवा. फार ढिली असेल तर क्लच सोडताना झटका बसतो आणि मागच्या हबमधली रबरं लवकर फाटतात. कोनसेटला खेळ असेल तर पहिल्या दहा आपटण्यांत तो वाढतो. पुढचं चाक जमिनीपासून उचलून शॉकअप पुढे-मागे हलवून बघा, टकटक जाणवली तर आधी ते काम करा. इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत ठेवा.

टायरमधली हवा फार कमी करू नका. स्टंट करणारे मागचा टायर बराच मऊ ठेवतात हे खरं, पण नवख्याला त्याची गरज नाही. ट्यूबवाल्या स्पोक व्हीलमध्ये हवा फार कमी केली तर क्लचच्या झटक्याने टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह उपटतो. दोन-तीन पीएसआय कमी पुरे.

एक गोष्ट मात्र आवर्जून बसवा : मनगटाला दोरीने जोडलेला किल स्विच. गाडी हातातून सुटली की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद पडतं. फार महाग नाही, पण आमच्याकडे लोक सायलेन्सर आधी बदलतात.

अंगावर : आयएस ४१५१ छापाचं पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, बोटांच्या सांध्यांवर कवच असलेले हातमोजे, गुडघ्या-कोपरांना ईएन १६२१-१ आणि पाठीला ईएन १६२१-२ प्रमाणपत्राचे गार्ड, घोट्याच्या वर येणारे बूट. व्हीलीतलं पडणं बहुधा मागच्या बाजूला असतं, म्हणून पाठ आणि माकडहाड यांचा विचार गुडघ्यांच्या आधी करा.

प्रश्न : नेमकी सुरुवात कशी करायची? व्हिडिओत सगळे एकदम चाक उचलूनच दाखवतात. (अहिल्यानगर)

त्यांना तेच दाखवायचं असतं. शिकण्याचा क्रम उलटा आहे.

जागा : किमान २०० मीटर लांब, १५-२० मीटर रुंद, डांबर किंवा घट्ट मुरूम. खडी आणि वाळू नको. किंचित चढ असेल तर उत्तम, पुढचं चाक हलकं होतं आणि गाडी आपोआप मंदावते. एक माणूस सोबत हवाच, मोबाईलला रेंज असलेली जागा हवी, आणि १०८ ला सांगता येईल असा पत्ता आधी पाठ हवा.

पहिला दिवस फक्त मागच्या ब्रेकचा. चाक उचलायचं नाही. पहिल्या गिअरमध्ये १०-१५ किमी वेगाने सरळ जा, मूठ थोडी चालू ठेवा आणि पायाने वेग कमी-जास्त करा. पेडल न बघता, लॉक न करता, नुसता चिमटा काढल्यासारखा दाबा आणि सोडा. मग सोबत्याला बाजूला उभं करून त्याने हाक दिली की त्याच क्षणी पेडल दाबायचा खेळ करा. हाक आणि पाय यांतलं अंतर कमी होत जातं. हे शंभर वेळा कंटाळवाणं आहे, पण व्हीलीतला निम्मा भाग हाच.

दुसरा दिवस क्लचचा. थांबलेल्या गाडीत पहिला गिअर टाका, आरपीएम स्थिर ठेवा, क्लच हळूहळू सोडा आणि गाडी नेमकी कुठे हलते ते लक्षात ठेवा. मग चालत्या गाडीत एक-दोन बोटांनी क्लच नुसता घसरण्यापुरता ओढा आणि परत सोडा. पूर्ण ओढायचा नाही.

आता चाक. सीटच्या मधल्या भागापासून किंचित मागे बसा, गुडघ्यांनी टाकी धरा, कोपरं सैल. पहिल्या गिअरमध्ये १२ ते १५ किमी वेग. क्लच थोडा ओढा, त्याच वेळी मूठ पिळून इंजिन ४५०० ते ५५०० आरपीएमपर्यंत न्या आणि क्लच पटकन सोडा. मूठ त्याच जागी स्थिर. हँडल ओढायचं नाही, हात फक्त धरण्यासाठी. चाक दहा-वीस सेंमी उठेल. उठल्याबरोबर, उंच झालंय की नाही याची वाट न बघता, मागचा ब्रेक दाबा आणि खाली आणा.

इथे बहुतेकांचं चुकतं. चाक उठलं की आनंदात मूठ धरून ठेवतात आणि ब्रेक विसरतात. म्हणून पहिल्या पन्नास वेळा चाक उठणं मोजायचंच नाही, पायाने खाली आणलेलं मोजायचं. इंजिनने आपोआप खाली आणलेलं बाद.

पन्नास झाल्यावर नीट उतरण्याची सवय. ब्रेकने चाक आपटतं, म्हणून ब्रेक सोडताना मूठ किंचित परत द्या. चाक अलगद टेकतं. टेकताना हँडल सरळ हवं. वाकड्या चाकावर उतरलं तर हँडल झटके मारतं. हवेत असताना पुढचा ब्रेक अजिबात दाबायचा नाही, थांबलेलं चाक जमिनीवर टेकलं की पुढे फेकले जाल.

मग उंची वाढवा, दर दिवशी एक वीत. दिवसाला वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त नको. थकलेल्या हाताने क्लच जोरात सुटतो आणि पाय उशीर करतो.

प्रश्न : माझं चाक नेहमी उजवीकडे झुकतं आणि रस्ता बदलतो. शिवाय एकदा घाबरलो तेव्हा मूठ आणखीच पिळली गेली. असं का? (लातूर)

झुकण्याचं कारण जवळजवळ नेहमी उजव्या बाजूलाच सापडतं. उजवा पाय ब्रेकसाठी उचललेला असतो, उजवा हात मूठ पिळतोय, आणि वर ओढायची घाई असली की त्या हाताने हँडल एका बाजूला ओढलं जातं. दोन्ही फुटरेस्टवर सारखा भार ठेवा, उजव्या पायाची कमान टेकलेली राहू द्या आणि टाचेखाली थोडा दाब जाणवू द्या. चाक हवेत असताना ते मंद होत जातं, त्यामुळे त्याचा जायरो परिणामही (फिरत्या चाकाची सरळ राहायची ओढ) कमी होतो आणि हँडल वळवून फारसं काही होत नाही. गाडी सरळ करायची ती गुडघ्यांनी आणि फुटरेस्टवरच्या भाराने.

मूठ पिळली जाणं म्हणजे धरण्याची पद्धत चुकली. गाडी उठली की शरीर मागे जातं, मनगट खाली पडतं आणि हात लटकल्यासारखा होऊन मूठ आणखी उघडतो. भीतीने आणखी घट्ट धरता, आणखी उघडते. टाकी गुडघ्यांनी धरली असती तर शरीर मागे गेलंच नसतं. शिवाय मूठ धरताना मनगट आधीच थोडं वर ठेवा, दाराची गोल मूठ पकडतो तशी तिरकी पकड घ्या.

पाय खाली टाकून गाडी वाचवायचा प्रयत्न कधीच करू नका. दीडशे किलोची गाडी पायाने थांबत नाही, घोटा मात्र फिरतो.

प्रश्न : मेकॅनिक म्हणतो पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान केलं की व्हीली आपोआप उठेल. करावं का? (सांगली)

आपोआप नाही, पण मदत होते. गॅरेजात ज्याला चेन सॉकेट म्हणतात त्यात पुढे १४ आणि मागे ३९ दात असतील तर रेशो २.७९ होतो. पुढचं १३ केलं की ३.०, म्हणजे चाकावरचा टॉर्क साधारण साडेसात टक्क्यांनी वाढतो. मागचं ४२ केलं तरी तोच रेशो. पुढचं बदलणं स्वस्त, पण लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते आणि दोन्हीची झीज लवकर होते. काही गाड्यांत चेन स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी पट्टीला घासतेही. त्यामुळे जमत असेल तर मागचं मोठं करा, लागलं तर चेनला एक-दोन कड्या वाढवा.

पण हे सगळं शंभर वेळा पायाने चाक खाली आणता आल्यावर. त्याआधी साडेसात टक्के वाढवले तर फक्त अंदाज चुकण्याचा वेग वाढतो. रस्त्यावर रोज वापरायची गाडी असेल तर ६० किमीलाही इंजिन जास्त आरपीएमवर फिरतं आणि पेट्रोल वाढतं, तेही लक्षात घ्या. स्पीडोमीटर गिअरबॉक्समधून वेग घेत असेल तर त्याचा आकडाही चुकतो.

प्रश्न : आठवडाभर सराव केला. आता क्लच सरकतोय आणि इंजिनमधून टकटक येते. (परभणी)

टकटक ऐकल्यावर ऑइल बघितल्याशिवाय गाडी पुन्हा सुरू करू नका. चाक हवेत असताना, विशेषतः बराच वेळ, इंजिनमधलं ऑइल मागच्या बाजूला जमतं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येऊ शकते. ऑइल कमी असेल तर हे लवकर होतं. डिपस्टिक बघा. लेव्हल खुणेखाली असेल आणि ऑइल टाकूनही आवाज थांबत नसेल तर बेअरिंग किंवा कॅमशाफ्टचं काम निघण्याची शक्यता आहे. गाडी ढकलत न्या.

क्लच सरकणं दोन कारणांनी. सारखं हाफ क्लच केल्याने प्लेटी झिजल्या आणि तापल्या. किंवा चुकीचं ऑइल घातलं. दुचाकीच्या ओल्या (ऑइलमध्ये चालणाऱ्या) क्लचला जेएएसओ एमए किंवा एमए२ छापाचंच ऑइल लागतं. स्कूटरचं एमबी छापाचं ऑइल स्वस्त मिळतं म्हणून घातलं की क्लच घसरू शकतो. ग्रेड मॅन्युअलमधला. सरावाच्या गाडीचं ऑइल क्लचच्या भुकटीने लवकर काळं पडतं, म्हणून नेहमीच्या निम्म्या अंतरावर बदला. वीस मिनिटं सराव केला की तितकाच वेळ इंजिन थंड होऊ द्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला हळू वेगात वारा मिळत नाही.

प्रश्न : न्यू जर्सीत राहतो. इथे होंडा ग्रॉम मिळते, भारतात नाही. ती खूपच लहान आहे, तिच्यावर शिकलेलं पुढे उपयोगी पडतं का?

पडतं, एका अटीवर. ग्रॉमचा व्हीलबेस १२०० मिमी, चाकं १२ इंची, वजन सुमारे १०३ किलो. पडलात तर उंची कमी असते. आखूड व्हीलबेसमुळे ती थोड्या जोरात उठते आणि समतोलाच्या कोनापर्यंत तितक्याच लवकर पोचते, त्यामुळे पायाची तयारी चांगली होते. मात्र मोठ्या गाडीवर हँडल रुंद, वजन जास्त आणि हालचाल संथ असते. ग्रॉमवर शरीर हलवून भागतं, तिथे भागत नाही. मध्ये दोनशे-तीनशे सीसीची एक पायरी ठेवा.

प्रश्न : मुलगा १७ वर्षांचा आहे. रविवारी एमआयडीसीचा रस्ता मोकळा असतो, तिथे सराव करू द्यावा का? (छत्रपती संभाजीनगर)

नाही. मोटार वाहन कायद्यात सार्वजनिक ठिकाण म्हणजे जिथे लोकांना जायचा हक्क आहे अशी कोणतीही जागा. रविवारी एमआयडीसी बंद असली तरी रस्ता सार्वजनिकच राहतो. कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्याला पहिल्या वेळी ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १००० ते ५००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९ए त्याहून कडक आहे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही.

मुलाची आवड खरी असेल तर त्याला बंद ट्रॅकवर डर्ट बाईक चालवायला घेऊन जा. ओंडक्यावरून, चरावरून पुढचं चाक उचलून न्यायचं तंत्र तिथे रीतसर शिकवतात. त्याचं व्हीलीशी मूळ एकच आहे : क्लच, शरीराची जागा, मागचा ब्रेक. आणि ते रस्त्यावर येतच नाही.

प्रश्न : एक्सपल्सवर सहा महिने सराव झाला. आता ३९० वर केव्हा जायचं? (रत्नागिरी)

दहापैकी नऊ वेळा, डोळे पुढे ठेवून, ठरवलेल्या उंचीवर चाक थांबवता आलं, आणि सोबत्याने अचानक हाक मारल्यावर दहाही वेळा पायाने खाली आणता आलं, तेव्हा. महिने मोजू नका.

गेल्यावर पहिल्या दिवशी पुन्हा शून्यापासून. ३९० चा क्लच वेगळ्या ठिकाणी पकडतो, मूठ वायरीऐवजी इलेक्ट्रॉनिक आहे आणि तिचा प्रतिसाद वेगळा आहे. एबीएसचा सुपरमोटो मोड लावा, त्यात मागच्या चाकाचं एबीएस बंद होतं. ट्रॅक्शन कंट्रोल असलेलं मॉडेल असेल तर तेही बंद. किल्ली बंद करून परत चालू केली की हे मोड बहुतेक गाड्यांत मूळ जागी जातात, त्यामुळे चहाच्या प्रत्येक विश्रांतीनंतर डिस्प्ले बघा. रस्त्यावर यायच्या आधी एबीएस परत चालू करा.

पहिल्या गिअरऐवजी दुसऱ्यात सुरू करा. लहान गाडीवर दुसरा गिअर कमी पडतो म्हणून पहिल्यात शिकलात. इथे दुसऱ्या गिअरमध्ये चाकावर येणारा टॉर्क आटोक्यात असतो आणि चाक हळू उठतं. वेग २५ ते ३० किमी, क्लचचा हलका झटका, मूठ एक्सपल्सवर लागायची त्याच्या निम्मी. चाक एका वितीच्या वर जाऊ देऊ नका, पहिले दोन दिवस तर अजिबात नाही.

कोकणातले आहात म्हणून एवढंच आणखी : पावसाळ्यात सराव बंद. जांभ्यावर शेवाळ धरतं, मागचं चाक घसरतं, मग चाक उठण्याऐवजी गाडी आडवी होते. ३९० ला पहिले दोन दिवस लागतील ते दिवाळीनंतर ठेवा.